मॉनिटर दर दहा मिनिटांनी मावळतो – कमांड लाइनवरून कसा आवरायचा?

पोथीवाला | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता. त्यावर लिनक्स मिंट (एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं) घातलं, १९ इंची जुना एलसीडी मॉनिटर व्हीजीए केबलने जोडला आणि दारासमोरच्या टेबलावर फलक म्हणून मांडला. नवीन आलेली पुस्तकं, अभ्यासिकेच्या वेळा आणि अध्यक्षांच्या खास आग्रहावरून वर्गणी थकवलेल्यांची यादी, असं ब्राउझरमध्ये आळीपाळीने फिरत राहतं.

अडचण अशी की दर दहा मिनिटांनी पडदा काळा. कुणीतरी माऊस हलवला की परत येतो. सकाळी पेपर वाचायला येणारे एक आजोबा रोज मला हाक मारतात, "अहो, ते पेटवा की!" आणि मी कपाटामागून धावत येतो.

सेटिंगमध्ये जाऊन सगळीकडे 'कधीच नाही' केलं. नंतर कुठेतरी वाचून टर्मिनलमध्ये हे दिलं :

एक्ससेट -डीपीएमएस

तरी दहाव्या मिनिटाला काळोख आहेच.

दुसरं म्हणजे रात्री ९ ते सकाळी ७ मॉनिटर आपोआप बंद राहिला पाहिजे. त्याचं बटण आत गेलंय, बॉलपेनचं टोक घालून दाबावं लागतं. ते रोज कोण करणार? डबा, म्हणजे खुद्द संगणक, मात्र चालू ठेवावा लागतो. त्याच मशीनवर कोहा (वाचनालयाचं सॉफ्टवेअर) आहे आणि त्याची कामं रात्री २ वाजता चालतात.

ता.क. इथला संपादक रोमन अक्षरांतला कोड गिळून टाकतो, म्हणून कमांड उच्चारल्या तशा लिहिल्या आहेत. समजून घ्या.

---

खटपट्या | शनिवार, रात्री १०:३१

काका, टर्मिनलमध्ये नुसतं 'एक्ससेट क्यू' द्या. क्यूच्या आधी डॅश नाही. जे येईल त्यातले 'स्क्रीन सेव्हर' आणि 'डीपीएमएस' हे दोन परिच्छेद इथे लिहा.

आणि एक बघून सांगा. पडदा काळा झाला की मॉनिटरचा छोटा दिवा निळाच राहतो की नारिंगी होतो?

---

पोथीवाला | रविवार, सकाळी ९:०५

दिवा निळाच. खोलीतले दिवे घालवून पाहिलं तर काळ्या पडद्यामागे मंद उजेड दिसतो, राखाडीसारखा.

एक्ससेट क्यू म्हणतं :
स्क्रीन सेव्हर : प्रेफर ब्लँकिंग येस, टाइमआउट ६००, सायकल ६००.
डीपीएमएस : ६०० ६०० ६००, आणि खाली 'डीपीएमएस इज डिसेबल्ड'.

डिसेबल्ड आहे ना मग?

---

खटपट्या | रविवार, सकाळी ९:२०

चोर सापडला. दिव्याचा रंग विचारला तो याचसाठी.

एक्स म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा. तिच्याकडे पडदा काळा करणारी दोन वेगळी खाती आहेत. डीपीएमएस हे वीज वाचवणारं खातं. ते मॉनिटरला झोपायला सांगतं, मॉनिटर आतला दिवा घालवतो आणि बाहेरचा छोटा दिवा नारिंगी होतो. दुसरं आहे जुनं 'स्क्रीन सेव्हर' खातं. ते मॉनिटरला काहीच सांगत नाही, नुसतं काळं चित्र पाठवत राहतं. मॉनिटरच्या दृष्टीने काळं हेही चित्रच, त्यामुळे मागचा दिवा जळत राहतो आणि वीज जवळपास पूर्वीइतकीच जाते. तुम्ही पहिल्या खात्याला सुट्टी दिलीत, दुसऱ्याचा टाइमआउट ६०० सेकंद, म्हणजे बरोबर दहा मिनिटं, तसाच राहिला.

हे द्या :

एक्ससेट एस ऑफ
एक्ससेट एस नोब्लँक

पुन्हा क्यू करून बघा, टाइमआउट ० दिसायला हवा.

---

कोरा_कागद | रविवार, सकाळी ९:४४

+१. मी दोन वर्षं समजत होतो की पडदा काळा झाला म्हणजे वीज वाचली.

---

जुनाट | रविवार, सकाळी ११:१५

हे दोन खात्यांचं प्रकरण सीआरटीच्या, म्हणजे काचेच्या नळीवाल्या जाड मॉनिटरच्या, जमान्यातलं आहे. तेव्हा काळा पडदा हवा असायचा तो काचेसाठी. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर त्याचा डाग कायमचा बसायचा. बँकांमधल्या जुन्या टर्मिनलवर मेनूच्या ओळी मॉनिटर बंद असतानाही वाचता यायच्या. स्क्रीनसेव्हर आला तो त्यावर उतारा म्हणून, विजेशी त्याचा काही संबंध नाही.

वीज वाचवायचं नंतर सुचलं. अमेरिकेत १९९२ मध्ये एनर्जी स्टार (कमी वीज खाणाऱ्या यंत्रांना शिक्का देणारी योजना) सुरू झालं ते संगणक आणि मॉनिटरपासूनच, आणि १९९३ मध्ये व्हेसाने (पडद्यांची मानकं ठरवणारी संस्था) डीपीएमएसचा मसुदा पक्का केला. युक्ती साधी होती. व्हीजीए केबलमध्ये आडव्या आणि उभ्या ओळींच्या तालासाठी दोन वेगळ्या तारा असतात. दोन्ही ताल चालू असले की मॉनिटर चालू. आडवा ताल थांबला की स्टँडबाय, उभा थांबला की सस्पेंड, दोन्ही थांबले की ऑफ. वेगळी तार टाकावी लागली नाही, वेगळा निरोप नाही. कीर्तनात टाळ थांबले की मृदंगवाल्याला जे कळतं, ते मॉनिटरला कळतं.

एक्ससेट क्यूमध्ये ६०० ६०० ६०० असे तीन आकडे दिसतात ते याच तीन पायऱ्यांचे. सीआरटीमध्ये त्यांना अर्थ होता : स्टँडबायमधून चित्र लगेच यायचं, ऑफमधून यायला नळी तापावी लागायची. तुमच्या एलसीडीला तिन्ही सारख्याच.

१७ इंची सीआरटी रात्री झोपताना जो 'टुंग' आवाज करायचा तो आठवतो का कुणाला?

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १२:०२

आवाज नाही आठवत, पण आमच्या घरच्या सीआरटीवर मांजर झोपायचं ते आठवतं. डीपीएमएस लागलं की काच गार व्हायची आणि ते उठून कीबोर्डवर यायचं. मॉनिटर पुन्हा चालू!

---

पोथीवाला | रविवार, रात्री ८:५०

खटपट्या, शंभर वर्षं जगा! आज दिवसभर एकदाही काळा झाला नाही.

---

पोथीवाला | सोमवार, सकाळी ७:५८

परत झाला. आणि आता दिवा नारिंगी. रात्री मशीन रीस्टार्ट केलं होतं एवढंच.

---

खटपट्या | सोमवार, सकाळी ८:३०

माझंच चुकलं, हे आधी सांगायला हवं होतं. एक्ससेटने केलेले बदल चालू सेशनपुरतेच असतात. पुन्हा लॉगिन झालं की पाटी कोरी. त्यात एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर लॉगिनला उठतो आणि स्वतःचे आकडे डीपीएमएसवर चढवतो. तुम्ही एक सांगता, तो मागून येऊन दुसरं सांगतो, आणि जो शेवटी बोलला त्याचं खरं.

त्याला गप्प करायची कमांड आहे :

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्सएफसीई४-पॉवर-मॅनेजर -पी /एक्सएफसीई४-पॉवर-मॅनेजर/डीपीएमएस-एनेबल्ड -एस फॉल्स

पण तुमच्या डब्याला ना बॅटरी ना झाकण. त्या मॅनेजरचं तिथे कामच काय? 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जाऊन त्याची खूण काढा, स्क्रीनसेव्हरचीही काढा, आणि तिथेच आपल्या एक्ससेटच्या ओळींची एक छोटी स्क्रिप्ट टाका. घरात एकानेच दिवे घालवायचे.

---

लिफ्टबंद | सोमवार, सकाळी १०:१०

धागा जरा पळवतो, माफ करा. आमच्या सोसायटीच्या लॉबीत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) आणि ३२ इंची टीव्ही लावलाय नोटिसांसाठी. रात्री ११ ला बंद करायला आधी ही कमांड होती :

व्हीसीजेनसीएमडी डिस्प्ले_पॉवर ०

छान चालायची. मागच्या महिन्यात कार्ड खराब झालं म्हणून नवीन रास्पबेरी पाय ओएस टाकलं, तेव्हापासून ती कमांड येते-जाते पण होत काहीच नाही. वर दिलेलं एक्ससेटही करून पाहिलं, त्यानेही काही हललं नाही. वॉचमन म्हणतो, रात्रभर तोंडावर उजेड येतो.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ११:४०

नवीन ओएस म्हणजे बुकवर्म ही आवृत्ती किंवा त्यानंतरचं असणार. दोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली : डिस्प्लेचा कारभार आधी पायच्या फर्मवेअरकडे (बोर्डाच्या स्वतःच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे) होता, म्हणून फर्मवेअरला सांगणारी ती कमांड चालायची. २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून तो कारभार लिनक्स कर्नलच्या केएमएस ड्रायव्हरकडे गेला. तुम्ही निरोप देताय तो बदली झालेल्या साहेबाला.

दुसरी : २०२३ च्या बुकवर्मपासून पाय ४ वर एक्सऐवजी वेलँड ही नवी यंत्रणा आली. एक्ससेट एक्सशी बोलतं. वेलँडमध्ये जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सवेलँड नावाचा दुभाषा असतो, त्यामुळे एक्ससेट चूक दाखवत नाही, पण त्याचं बोलणं मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही. चूक दाखवली असती तर बरं झालं असतं.

वेलँडमध्ये सगळ्यांना चालेल अशी एकच कमांड नाही, ज्याच्या हाती पडदा आहे त्याला विचारावं लागतं. पायवर :

डब्ल्यूएलआर-रँडआर --आउटपुट एचडीएमआय-ए-१ --ऑफ

आणि परत आणायला --ऑन. आउटपुटचं नाव नुसतं डब्ल्यूएलआर-रँडआर दिलं की दिसतं. इतर डेस्कटॉपवर वेगळं : केडीई असेल तर 'केस्क्रीन-डॉक्टर --डीपीएमएस ऑफ'. स्वे वापरत असाल तर 'स्वेएमएसजी "आउटपुट * पॉवर ऑफ"'. नोम असेल तर डी-बसवरून मटरच्या पॉवरसेव्हमोडमध्ये ३ लिहावा लागतो. ती कमांड एवढी लांब आहे की देवनागरीत लिहायचा धीर होत नाही.

---

लिफ्टबंद | सोमवार, रात्री ११:२०

ताई, चाललं! पण आता टीव्ही 'नो सिग्नल' असं लिहिलेली निळी पेटी पडद्यावर इकडून तिकडे नाचवतोय. वॉचमन म्हणतो, आधीचं बरं होतं, निदान स्थिर होतं.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५२

:)

टीव्ही आणि मॉनिटरमध्ये इथे फरक पडतो. सिग्नल गेला की मॉनिटर झोपतो. टीव्हीला वाटतं, तुम्ही दुसरा चॅनल शोधताय. त्याला रिमोटच्या भाषेत सांगावं लागतं. एचडीएमआय केबलमध्ये त्यासाठी सीईसी नावाची एक वेगळी तार असते आणि पायला ती भाषा येते. (पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना येत नाही, त्यामुळे पोथीवाल्यांना याचा उपयोग नाही.)

'सीईसी-युटिल्स' पॅकेज टाका, मग :

एको 'स्टँडबाय ०' | सीईसी-क्लायंट -एस -डी १

सकाळी 'स्टँडबाय ०'च्या जागी 'ऑन ०'. शून्य म्हणजे टीव्ही. चाललं नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू आहे का बघा. तिथे ते सीईसी या नावाने सापडणार नाही. सॅमसंग त्याला ॲनीनेट+ म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक.

---

लिफ्टबंद | मंगळवार, रात्री ११:०३

ॲनीनेट+ बंदच होतं. चालू केलं, ११ वाजता टीव्ही टप्पकन गेला. वॉचमनने चहा पाजला.

---

पोथीवाला | मंगळवार, रात्री ११:१५

अभिनंदन. आता माझ्याकडे वळा. :)

दिवसाचं जमलं, दोन दिवस पडदा जागा आहे. रात्रीसाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) २१:०० ला 'एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ' आणि ०७:०० ला 'फोर्स ऑन' टाकलं. टर्मिनलमध्ये हाताने दिलं की मॉनिटर जातो. क्रॉनने काहीच होत नाही. लॉगमध्ये 'अनेबल टू ओपन डिस्प्ले' आहे.

---

खटपट्या | बुधवार, सकाळी ८:१५

क्रॉनला तुमचा पडदा कुठे आहे ते माहीतच नसतं. तो मागच्या दाराने येतो. क्रॉनटॅबमध्ये सगळ्यात वर या दोन ओळी टाका :

डिस्प्ले=:०
एक्सऑथॉरिटी=/होम/तुमचं-युजरनेम/.एक्सऑथॉरिटी

पहिलीत घराचा पत्ता, दुसरीत किल्ली. आणि हे रूटच्या क्रॉनटॅबमध्ये नको, ज्या युजरने लॉगिन केलंय त्याच्याच. घरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून दूरवर लॉगिन करून) येऊन कमांड द्यायची झाली तरी हेच दोन लागतात.

---

कोरा_कागद | बुधवार, दुपारी १:३०

विंडोजवाल्यांना बोलायची परवानगी आहे का? तिथे 'पॉवरसीएफजी /चेंज मॉनिटर-टाइमआउट-एसी १०' दिलं की दहा मिनिटांनी बंद, ० दिलं की कधीच नाही. लॅपटॉप बॅटरीवर असताना एसीच्या जागी डीसी. पण 'आत्ताच्या आत्ता बंद कर' अशी कमांड सापडली नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:१०

तयार कमांड नाहीच. विंडोजला आतून एक संदेश पाठवावा लागतो, तो पाठवणारी छोटी साधनं मिळतात, नीरसीएमडी त्यातलंच. 'नीरसीएमडी मॉनिटर ऑफ' दिलं की झालं. उलट तक्रार असेल, म्हणजे मॉनिटर झोपतच नसेल, तर ॲडमिन टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' द्या. कुणी पडदा धरून ठेवलाय त्याचं नाव येतं. बहुतेक वेळा कुठल्यातरी टॅबमधला व्हिडिओ निघतो.

मॅकवर 'पीएमसेट डिस्प्लेस्लीपनाऊ'. आणि जागं ठेवायला 'कॅफिनेट -डी'. या एका नावासाठी मी मॅकला बरेच गुन्हे माफ केलेत.

---

पोथीवाला | शुक्रवार, सकाळी ७:३५

क्रॉन लागला. रात्री ९ ला मॉनिटर गेला, सकाळी ७ ला आला. पण ७:१० ला परत गेला!! एक्ससेट क्यू म्हणतं, 'डीपीएमएस इज एनेबल्ड'. मी तर डिसेबल करून ठेवलं होतं आणि पॉवर मॅनेजरही काढलाय. आता कोण?

---

खटपट्या | शुक्रवार, सकाळी ९:००

हे मलाही कळायला वेळ लागला. एक्ससेटचा कोड उघडून पाहिला तेव्हा उलगडलं.

डीपीएमएस बंद असेल तर एक्स सर्व्हर 'फोर्स'ची विनंती ऐकूनच घेत नाही. म्हणून एक्ससेट फोर्स ऑफ करण्याआधी तुम्हाला न विचारता डीपीएमएस चालू करून टाकतं. तुमचे जुने ६०० ६०० ६०० तिथेच बसलेले होते. रात्री तुम्ही फोर्स ऑफ केलंत, त्याच क्षणी दहा मिनिटांचं घड्याळही परत लागलं. सकाळी फोर्स ऑन झालं, दहा मिनिटं कुणी माऊसला हात लावला नाही, आणि त्याने आपलं काम केलं.

तेव्हा डीपीएमएस 'बंद' करायचा नादच सोडा. चालू राहू दे, आकडे शून्य करा :

एक्ससेट डीपीएमएस ० ० ०

शून्य म्हणजे 'आपणहून कधी झोपू नकोस'. फोर्स केलं तरच झोपेल.

---

जुनाट | शुक्रवार, सकाळी १०:२२

हे मला माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

जाता जाता हिशेब. माझ्याकडचा १९ इंची एलसीडी (जुना, मागच्या उजेडासाठी ट्यूब असलेला) प्लगच्या मीटरवर चालू असताना ३१ वॅट दाखवतो, नारिंगी दिव्यावर १ च्या आत. रात्रीचे १० तास धरले तर रोज ३०० वॅट-तास, महिन्याला ९ युनिट. पण पोथीवाले, तुमचा तो जुना डबा रिकामा बसून ६० वॅट तरी खात असेल, म्हणजे त्याच दहा तासांत महिन्याला १८ युनिट. कोहाची कामं संध्याकाळी उरकून डबाच झोपवा. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ३६०००' दिलं की तो दहा तास झोपून स्वतः उठतो.

---

पोथीवाला | शुक्रवार, रात्री ९:३०

जुनाट, हिशेब पटला. पण आमच्याकडे रात्री वीज एकदा तरी जाते. झोपलेला डबा वीज गेल्यावर झोपलेला राहत नाही, मेलेला असतो. सकाळी सात वाजता तो उठलाच नाही तर कुलूप उघडणाऱ्या मावशी मला घरी फोन करतील. सध्या मॉनिटरवरच भागवतो.

शून्य-शून्य-शून्य केलंय. आता ९ वाजता गेलाय. उद्या सांगतो.

---

पोथीवाला | शनिवार, सकाळी ७:१५

आज सकाळी आलो तर मॉनिटर आधीपासून चालू! समोरच्या दुकानदाराने सांगितलं, रात्री साडेदहाला खिडकीतून उजेड दिसत होता. आत कुणी नव्हतं, कुलूप माझ्याच हाताने लावलेलं.

---

लिफ्टबंद | शनिवार, सकाळी ८:००

थकबाकीदारांपैकी कुणाचा आत्मा?

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ८:४०

माऊस कशावर ठेवलाय?

---

पोथीवाला | शनिवार, सकाळी ९:१०

टेबलावर. टेबलाला काच आहे. काचेखाली कॅलेंडर, एसटीचं वेळापत्रक आणि जुन्या कार्यकारिणीचा फोटो.

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ९:१८

तोच आत्मा.

ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढत असतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून आपण किती हललो ते ठरवतो. काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही. उजेड काचेतून आरपार जातो, कधी परत फिरतो, आणि न हलताच 'हललो' असं वाटतं. टेबल हादरलं, बाहेरून ट्रक गेला, तेवढंही पुरतं. एक्सला एवढीच चाहूल लागली की पडदा जागा. आणि आता तुमचे आकडे शून्य आहेत, म्हणजे एकदा जागा झालेला रात्रभर जागा.

खात्री करायची तर माऊसची पिन काढून एक रात्र बघा.

---

खटपट्या | शनिवार, सकाळी ९:५०

ताई, मानलं.

काका, माऊसखाली जाड वही ठेवा आणि शिवाय रात्रीचे आकडे वेगळे ठेवा. रात्री :

एक्ससेट डीपीएमएस ० ० ६०
एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ

सकाळी :

एक्ससेट डीपीएमएस ० ० ०
एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑन

म्हणजे रात्री कुणी जागं केलंच, तर एका मिनिटात परत झोपेल.

---

कोरा_कागद | शनिवार, दुपारी १२:३०

एवढं करण्यापेक्षा सरळ मॉनिटरलाच 'बंद हो' असं सांगता येत नाही का? म्हणजे त्याचं बटण दाबल्यासारखं?

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:०५

येतं, डीडीसी/सीआय नावाची सोय आहे आणि 'डीडीसीयुटिल' त्यातून मॉनिटरशी थेट बोलतं. ब्राइटनेस बदलायला उत्तम ('सेटव्हीसीपी १० ४०' दिलं की ४० वर). वीज बंद-चालूचा कप्पा डी६. त्यात ४ लिहिलं की बंद, ५ लिहिलं की बटण दाबून बंद केल्यासारखं, १ लिहिलं की चालू.

पण तो १ ऐकायला मॉनिटरचे कान उघडे हवेत. मी एकदा घरून एसएसएचने ऑफिसातल्या एका मॉनिटरवर ५ लिहून पाहिला. गेला. मग १ लिहिला. उत्तर नाही. मॉडेलप्रमाणे फरक पडतो. काही मॉनिटर ५ नंतर डीडीसीचंही दार लावून घेतात. रात्री पावणेबाराला सिक्युरिटीला फोन करून "तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा मॉनिटर, खाली उजव्या कोपऱ्यातलं बटण" असं सांगावं लागलं. त्याने आधी चौथ्या रांगेतला बंद केला.

पोथीवाल्यांचं बटण तर आत गेलंय. त्यांनी हे मुळीच करू नये.

---

पोथीवाला | सोमवार, रात्री ९:४५

पहिली रात्र नीट गेली. माऊसखाली आवक-जावकचं जुनं रजिस्टर ठेवलंय.

पण काल मध्यरात्री वीज गेली आणि आली. डबा आपोआप सुरू झाला (बायोसमध्ये तसं केलंय), ऑटो लॉगिन झालं, स्टार्टअपमधली स्क्रिप्ट चालली आणि तिने दिवसाचे शून्य आकडे लावले. म्हणजे १२:३० पासून ७ पर्यंत थकबाकीदारांची यादी रिकाम्या वाचनालयाला दाखवत होता.

---

खटपट्या | मंगळवार, सकाळी ८:०५

दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन स्क्रिप्ट ठेवू नका. एकच ठेवा, तिने घड्याळ बघून स्वतः ठरवावं. आत असं :

तास=$(डेट +%-एच)
तास ७ पेक्षा कमी, किंवा २१ किंवा त्याहून जास्त : रात्रीच्या दोन ओळी.
नाहीतर : दिवसाच्या दोन ओळी.

वर 'एक्ससेट एस ऑफ' दोन्हींसाठी. हीच स्क्रिप्ट स्टार्टअपमध्ये, हीच क्रॉनमध्ये ९ ला आणि ७ ला. मग कधीही, कुणीही चालवली तरी वेळेप्रमाणे बरोबर तेच होईल.

एच आधीचा डॅश विसरू नका. नाहीतर तास '०८' असा येतो, आणि दुहेरी कंसात हिशेब केला तर पुढचं शून्य बघून बॅशला तो अष्टमान आकडा वाटतो. अष्टमानात ८ आणि ९ नसतातच, त्यामुळे स्क्रिप्ट फक्त सकाळी ८ ते १० मध्ये मोडते, बाकी बावीस तास शहाणी.

---

जुनाट | मंगळवार, सकाळी ९:३०

आणि मदरबोर्डवरचा सेल बदला. २०३२ नंबरचा, घड्याळजीकडेही मिळतो. जुन्या डब्यात तो संपलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात उठतं, आणि इंटरनेट येईपर्यंत तुमची स्क्रिप्ट त्या वर्षातली रात्र पाळते.

---

पोथीवाला | बुधवार, रात्री ९:२५

सेल बदलला. जुना खरंच संपला होता, बायोस २००७ सालात होता.

स्क्रिप्ट लावली. आज मुद्दाम ९:०५ ला मेन स्विच पाडला, पाच मिनिटांनी चढवला. डबा उठला, मिंटचं चिन्ह आलं, ब्राउझर उघडून नवीन पुस्तकांची यादी दिसते न दिसते तोच पडदा गेला. दिवा नारिंगी. रजिस्टरावरचा माऊस हलवून पाहिला. आला. मनात साठ मोजले. गेला.

सकाळच्या आजोबांनी मात्र नवीन प्रश्न काढलाय. ते साडेसहालाच येतात, मावशी झाडत असतात तेव्हा. म्हणतात, सातपर्यंत ते काळंच का असतं?

---

खटपट्या | बुधवार, रात्री ९:३१

स्क्रिप्टमध्ये ७ च्या जागी ६ करा. क्रॉनमध्येही विसरू नका.